पावणेदोन व्होल्ट

रावसाहेब आंबींनी बोट चिखलावर ओढून ठेवलेली.
चैत्र. पंचगंगा घाटाच्या शेवटच्या पायरीच्याही खाली,
शेवाळ वाळून पापड झालेलं.
"आत्ताच बगा ताई," म्हणाले,
"आषाढात इचारायला येळ नसतो."

मी मीटर काढला. अब्बांचा,
लाल वायर चिकटपट्टीनं बांधलेला.
उद्यमनगरात दुकानावर अजून त्यांचंच नाव आहे,
दस्तगीर बॅटरी सर्व्हिस.
गिऱ्हाईक आत येतं आणि माझ्या मागं
कुणी बाप्या आहे का बघतं.
आंबींनी बघितलं नाही.

इन्व्हर्टर कोरा होता. तिसरा.
पहिला ओरडायला लागला म्हणून बदलला,
दुसराही तसाच ओरडला म्हणून बदलला.
"आंबेवाडीच्या पुढं," आंबी सांगू लागले,
"उसाच्या शेंड्यांवरनं बोट चाललेली.
म्हातारी आत, नाकात नळी,
ते हवेचं मशीन माझ्या पायाशी.
चीं चीं चीं.
आणि गप."

बॅटरीला पिना लावल्या. बारा पूर्णांक सात.
निजलेली बॅटरी नेहमीच धडधाकट दिसते.
अब्बा म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही,
पण विचारशील तेवढंच सांगतं.
म्हटलं, हिला काहीतरी ओझं द्या.

आंबींची सून घरातून मिक्सर घेऊन आली,
झाकणाच्या कडेला कांदा-लसणाची चटणी वाळलेली.
रिकामा फिरवून भागत नाही,
म्हणून भांडंभर सुकं खोबरं.
कोरड्या नदीत, बोटीत, मिक्सर घरघरला.
घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून हसल्या.

बॅटरीवर बारा पूर्णांक एक. ठीक.
त्याच पिना इन्व्हर्टरच्या बुडाला लावल्या,
दहा पूर्णांक तीन.
चीं चीं चीं.
आणि गप.

खोबरं अर्धवट.
सासऱ्याकडं बघायचं सुनेनं टाळलं.

मी वायरीवरून हात फिरवत गेले,
मागच्या बॅटरीपासून पुढच्या फळीखालपर्यंत,
आठ हात लांब, घरात दिव्याच्या बटणाला लावतात तसली बारीक.
कोमट. कोमट. फ्यूजपाशी चटका.
लगवर हिरवट मीठ साचलेलं,
पकडीनं खरवडलं तर खाली तांबं उरलंच किती,
चार केस.

बॅटरीनं दिलं होतं.
मशीन घ्यायला तयार होतं.
पावणेदोन व्होल्ट मधल्या मधे तापून गेले,
आणि इन्व्हर्टर बापडा सांगत होता,
पोचत नाही, पोचत नाही.
आपण ओरडणाऱ्यालाच हाकलला. दोनदा.

"म्हंजी मशीन चांगलं हुतं?"
"तिन्ही."
आंबींनी टोपी काढली, झटकली,
पुन्हा घातली.

अंगठ्याएवढी जाड वायर टाकली,
बॅटरी उचलून इन्व्हर्टरशेजारी आणली, दोन हातांवर.
नवे लग, दाबून. वर व्हॅसलीनचा हात.
फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी.
एवढ्या वेळात विचारायचं राहून गेलेलं
शेवटी विचारलंच,
त्या आजींचं काय झालं?

"रस्त्याला गाडी हुती. घातलं. फिरलो.
पत्र्यावर अजून चौदा माणसं हुती."
मग बऱ्याच वेळानं,
"नाव न्हाई इचारलं."

सुनेनं बटण दाबलं.
अकरा पूर्णांक नऊ. मिक्सर अखंड.
खोबरं बारीक झालं, मग चिकट,
मग तेल सुटायला लागलं.
"मामा, बंद करू?"
"ऱ्हाऊ दे."

आंबी फळीवर वाकून बसले होते,
तळवा नव्या वायरीवर ठेवून,
दवाखान्यात कुणाचं तरी मनगट धरावं तसे.
"गार हाय," म्हणाले.
हात मात्र तिथंच.