जिवंतपणीचा रंग

शके अठराशे आठ, कार्तिक वद्य तृतीया.
साहेबाच्या बंगल्यात सभा. हजर सात.
टेबलावर बरण्या, बुचांना मेण,
आत घोरपडीचं पिल्लू, दोन सरडे,
आणि एक वटवाघूळ, भांडून झोपल्यासारखं.

माझं काम चिठ्ठ्यांचं.
नाव, गाव, तिथी, कोणी आणलं,
आणि शेवटचा रकाना: जिवंतपणीचा रंग.
दारूत रंग टिकत नाही.
आठ दिवसांत सगळी जनावरं
एकाच विटक्या धोतराची होतात.

म्हणून लहानू कोळी सोमेश्वराच्या डोहातून
मडक्यात मासा घेऊन आला
की तो मरायच्या आत मी बघायचा.

आजचा बोटभर. पाठीवर
कल्हई उडालेल्या तपेल्याचा तांबूस.
शेपटीपाशी एक रेघ,
बघितली तेव्हा निळी,
टाक बुडवेपर्यंत नव्हती.

वाद दीड तास.
हॅलिडेसाहेब म्हणाले, नवी जात.
डॉक्टर रिबेरो म्हणाले, पराचे काटे मोजा.
मोजले, आठ.
परत मोजले, नऊ.
हेडमास्तर गर्गे खिडकीशी, स्वतःच्या पाटावर.
विटाळ नको म्हणून सभा संपली की
ते गंगेवर बुडी मारून मग घरी जातात.
मासाही त्याच पाण्यातला,
पण हे मी बोललो नाही.

लहानूला दारातूनच विचारलं, याला काय म्हणता?
तो म्हणाला, ‘लहान असला तर सोडतो.
मोठा असला तर खातो.’
इतिवृत्तात हे घेतलं नाही.

मग रंग वाचायला सांगितला. वाचला.
साहेबांनी विचारलं, तपेलं म्हणजे काय?
भांडं, म्हटलं.
भांडं हा रंग नाही, ते म्हणाले,
आणि ते बरोबरच होतं.
मी खोडलं. तपकिरी लिहिलं.
निळ्या रेघेला साक्षीदार नव्हता.
लहानूला कोणी विचारलं नाही,
मीही नाही.

परतताना तांबट आळीत भट्टी चालू.
लग्नसराई, रात्रीचंही काम.
एक म्हातारा पातेलं निखाऱ्यावर फिरवत होता,
नवसागराचा धूर नाकात,
आणि तापल्या तांब्याच्या काठावरून
ती रेघ सरकत गेली,
निळी,
तीच.

म्हातारा म्हणाला, काय पाहिजे रावसाहेब?
काही नाही, म्हटलं.
जरा पुन्हा तापवता का?