नोम

आमच्या हायफाँगात दुसऱ्या चांद्रमासात
समुद्रावरून एक ओलं वारं येतं, त्याला नोम म्हणतात.
पाऊस नाही, दव नाही,
तरी भिंती पाझरतात, आरसे आंधळे होतात,
कपाटातल्या बुटांना बुरशीच्या मिशा फुटतात
आणि फरशीला घाम येतो.

फरशी ऐंशी बाय ऐंशीची, पॉलिश केलेली, सायीच्या रंगाची.
भावानं कोरियातून पैसे पाठवले त्या वर्षी बसवली.
बाबा म्हणाले, मीच बसवणार.
चाळीस वर्षं लोकांच्या घरांतून
गुडघ्यांवर चाललेला माणूस;
पण डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप.
मग खुर्ची टाकून बसले मधोमध
आणि एकेका फरशीवर काठी ठोकून कान देत राहिले.
"ही पोकळ. उचल."
सतरा उचलायला लावल्या.
गवंडी चहा न घेताच गेला.

मला शिकवलं त्यांनी:
पाणी बादलीभर, साबण टोपणभर.
जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, असं शेजारणीला वाटू दे;
तिच्या फरशीवर बघ कसा पडदा चढलाय,
माझ्या डोळ्यावर चढलाय तसा.
आधी झाडू, मग ओलं, मग कोरडं.
वाळूचा एक कण टाचेखाली फिरला
तरी चकाकीवर रेघ उठते,
आणि रेघ कुणाला पुसता येत नाही.
मागे सरकत पूस, दाराकडे.
स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेणारे
मी पुष्कळ पाहिलेत, थोआ.

नोमात मात्र सगळं उलटं.
दारंखिडक्या लावून घ्यायच्या, बादली पालथी.
ओलं फडकं मारलं तर फरशी आणखीच रडते.
जुनी धोतरासारखी मऊ झालेली चादर फाडून
दिवसातून तीनदा कोरडं पुसायचं.
पिळलं की वाटीभर पाणी निघतं.
कुणी सांडलं?
कुणीच नाही.

त्या सोमवारी पहाटे पाचला दिवा लावला
आणि फरशीवर पावलं.
घामात उमटलेली, बोटांसकट,
उजवा अंगठा जरा बाहेर वळलेला.
बाबांच्या खोलीतून निघालेली.
वाटलं, आईच्या फोटोकडे गेली असतील,
उदबत्तीच्या राखेकडे.
नाही. आईला वळसा घालून
ती गेली होती जिन्याखाली,
जिथं रात्री मोटारसायकल आत घेऊन लावतो.

तिची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली आहे
दोन वर्षं झाली,
डॉक्टर जे म्हणाले त्या दिवसापासून.

गाडीच्या डाव्या अंगाला दोन पावलं, जड, बराच वेळ थांबलेली.
मग उजवं नाहीसं,
आणि गाडीच्या पलीकडे पुन्हा.
मधे टायरची खूण:
वीतभर पुढे, वीतभर मागे,
पुढे, मागे, पुढे,
सायीवर काळं रबर.
किती लांब जाऊन आले असतील?

हा डाग पाण्यानं निघत नाही.
बाकच्या दप्तरातलं खोडरबर काढलं
आणि खोडत बसले, शाळेतल्यासारखी.
भिंत चाचपत बाबा आले.
"काय खरवडतेस?"
"डाग आहे कसला तरी."
थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हलक्या हातानं. चकाकी जाईल,"
आणि चहा मागितला.

रात्री सगळे निजल्यावर फरशी कोरडी केली.
रबरी बुडाचं पायपुसणं न्हाणीघरातून आणून
गाडीच्या डाव्या बाजूला टाकलं,
चढताना सगळा भार जिथं एका पायावर येतो.
आणि चाकांखाली पुठ्ठा अंथरला,
फ्रिज ज्या खोक्यातून आला त्याचा.
वीतभर नाही,
भिंतीपासून थेट दारापर्यंत.