सुट्टीची वही

जूनमध्ये फळ्यावर वर्षाच्या सुट्ट्या लिहिल्या
तेव्हा चौथी ‘ब’नं टाळ्या वाजवल्या.
म्हटलं, थांबा. फुकट मिळणार नाहीत.
प्रत्येक सुट्टीच्या मागे एक ‘का’ उभा असतो.
तो घरून विचारून आणायचा
आणि या वहीत लिहायचा.
वही दोनशे पानी, बेलापूरच्या नाक्यावरची,
कव्हरवर विमान.

पहिलं पान रुचितानं भरलं, दिवाळे गावातल्या.
पावसात मासळी गाभोळीनं भरते, तिला पिल्लं व्हायची असतात,
म्हणून होड्या वर ओढून ठेवायच्या, जाळी विणत बसायचं.
मग पुनवेला दर्याला नारळ.
वाचून झाल्यावर स्वतःच पुढे म्हणाली,
“आधी मासलीची सुट्टी, मंग आमची.”

दोन ऑक्टोबरच्या पानावर कुणीतरी लिहिलं:
‘ड्राय डे असतो. पप्पांनी सांगितलं.’
पान फाडलं नाही.
म्हटलं, आता आजीला विचारून ये.

दसऱ्याच्या तोरणात भाताच्या लोंब्या का?
शहाबाजचा हर्षल आजोबांना घेऊनच आला.
ते म्हणाले, कारण तेव्हा भात पिवळा झालेला असायचा.
कुठे, आजोबा?
त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं.
तिकडे पार्किंग होतं,
तीन मजली.
मुलं बराच वेळ त्यात भात शोधत राहिली.

संक्रांतीला मीच अडकले.
सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरातच,
मग तिळगूळ तीन आठवडे उशिरा का?
मुलांसमोर सांगून टाकलं: नीट समजून घेऊन सांगते.
(वाचलं, समजलं, सांगितलं.
तोवर कुणाला ते नको होतं, पतंग हवे होते.)

सगळ्यांना आवडली ती ईद,
कारण तिला स्वतःचीच तारीख पक्की माहीत नसते.
झोया म्हणाली, समोरचा टॉवर आडवा येतो,
म्हणून अख्खी बिल्डिंग गच्चीवर जाते.
चंद्र दिसला तर उद्या, नाही तर परवा.
आता प्रत्येक रविवारसाठी
वर्गाला असा चंद्र हवा होता.

नागनाथचं एकही पान नव्हतं.
हिंगोलीकडचं घर, वडील सोसायटीच्या गेटवर.
होळीच्या आधी हळूच म्हणाला,
“आमच्यात सुट्टी नसते, मॅडम.
सणाला पप्पांना डबल ड्यूटी,
पाहुण्यांच्या गाड्या वाढतात.
ह्याचा ‘का’ कोणत्या पानावर लिहू?”

माझ्या हातात खडू होता.
तो मी डब्यात ठेवला.

एप्रिल संपताना एक मे शिकवला.
एक ‘का’ आपल्या राज्याचा, तो सगळ्यांना पाठ होता.
दुसरा कामगारांचा, लांबच्या देशांतून आलेला:
आठ तास काम,
आठ तास झोप,
आणि आठ तास आपले, त्यांचं काय करायचं ते आपण ठरवायचं.
नागनाथ बोटांवर मोजत होता.
सकाळचे आठ ते रात्रीचे आठ.
बोटं संपली,
तरी दोन तास उरले.

एक मेला झेंडावंदन, मग निकाल.
पालकांच्या रांगेत एक निळा युनिफॉर्म,
खांद्याला शिट्टीची दोरी, टोपी काखेत.
“वीस मिनिटं मागून घेतली, मॅडम.
प्लंबरला गेटवर उभा केलाय.”
त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.
गुणांवरून एकदा बोट फिरवलं,
टोपी चढवली,
आणि जिन्यावरून पळतच गेले.

वही कपाटात ठेवताना
सगळ्यात मागच्या पानावर पेन्सिल दिसली.
सण: पप्पांची वीस मिनीटं.
का: माझा निकाल.

‘नी’ दीर्घ पडली होती.
लाल पेन हातातच होतं.
राहू दिली.