फळीखाली

नलिनीबेन म्हणाल्या, आयर्लंडची मंडळी येताहेत,
पायांनी वाजवतात, आणि सभागृहाचं स्टेज सिमेंटचं.
त्यावर बूट वाजत नाहीत, गुडघे वाजतात.
दीड फूट उंच मंच करा, रघुवीरभाई,
खाली पोकळ.

पोकळ म्हणजे किती, हे कुणी सांगेना.
मी तबल्याचे गट्टे कातणारा माणूस,
दांडिया बाजारात तीस वर्षं,
लाकडाला आधी टिचकी मारतो, मग भाव विचारतो.
शाळेच्या मोडक्या बाकांचा साग होता पडून.
त्याच्या पट्ट्या, वर प्लायच्या चार फळ्या,
नखांनी वाजवून पाहिल्या. ठीक.
भीखू म्हणाला, काका, खाट झाली.

तालमीला ती आली. नाव ऊना.
म्हटलं, ऊना तर आमच्या गीरकडचं गाव,
दीवची बस थांबते तिथे.
नलिनीबेननी सांगितलं तिला. अशी हसली
की बुटाची नाडी सुटली.
बूट काळे, जड, चवड्याखाली घोड्याचा नाल असावा तसं कडक.
चार पावलं टाकली आणि थांबली.
तिसरी फळी, म्हणाली, दुसऱ्याच गावचं बोलते.

खरंच. आतली पट्टी सुटली होती.
हाताशी वीस मिनिटं. गोंद सुकायला अख्खी रात्र.

म्हणून मी खाली शिरलो,
पाठीवर आडवा, मुठीत पाचर, तळवा वर टेकवलेला.
पुढून काळा पडदा.
भीखूला सांगितलं, मेलो तर ठोकीन.

मग दिवे गेले असतील. मला सगळा अंधारच.
आधी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, पण घाईला लागलेलं,
मागून एक डफ, काठीनं ताक घुसळावं तसा.
सहाचं होतं.
दादराच म्हणा, पण आपला दादरा मांडी घालून बसतो,
हा उभ्या उभ्या निघालेला, एका पायात चप्पल.
आणि ती आली
माझ्या तळहातावर.

टाच चवडा टाच, टाच चवडा,
मध्येच एक जागा, जिथे काहीच नाही.
तेव्हा ती हवेत असणार.
भुसासुद्धा थांबायचा,
मग पडायचा, थेट डोळ्यात.
लोकांनी पाहिलं ते मला नंतर कळलं:
हात अंगाला चिकटलेले, खांदे गप्प,
चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.
कॉलेजातल्या कथकच्या मुली अर्धं डोळ्यांनीच सांगून टाकतात.
हिनं सगळं खाली पाठवलं.
खाली मी होतो.

मग फिडल थांबलं.
डोनल नावाचा म्हातारा नुसता गायला,
पेटी नाही, तंबोरा नाही.
ती माझ्या कोपराच्या वर कुठेतरी उभी,
बूट गप्प, तरी फळीला तिचा श्वास लागत होता.
एकच शब्द हाती लागला, परत परत येणारा: मो ख्री.
मी मखर ऐकलं.
सुताराला दुसरं काय ऐकू येणार.
थर्माकोल येण्याआधी किती केली,
कमान, खांब, बेगड,
आणि विसर्जनाच्या रात्री ती तशीच उभी,
आत कुणी नाही, समई मात्र चालू.
तीच दिसत राहिली.
भुसा होता म्हणून बरं.

अर्थ नलिनीबेननी नंतर सांगितला. माझ्या काळजा.
म्हणजे फार लांब गेलो नव्हतो.

बाहेर आलो तर ऊना विचारते, कसं दिसलं?
काय सांगणार. तिच्या बुटांच्या पेटीवर
वाजवून दाखवलं, तळव्यात उरलं होतं तेवढं.
एका ठिकाणी चुकलो.
तिनं अनवाणी टाचेनं दुरुस्त केलं.

मंच मोडला. तिसरी फळी ठेवली आहे,
पट्टी अजून सुटलेलीच, गोंद लावायचं राहून जातं.
बाकीच्या विकल्या. त्यातली एक चोखंडीच्या सेव-उसळवाल्यानं
कांदा चिरायला नेली.
सकाळी जाता जाता त्याची सुरी ऐकतो.
चारचं चिरतो तो, सरळ, तोंड न उघडता.
परवा मध्येच एक जागा रिकामी गेली
आणि मी सायकलवरून उतरलो.

पाव संपले होते म्हणे.