किलोमीटरची वही

ड्यूसबर्ग सोडताना बाबा पहिल्यांदाच
शेजारच्या सीटवर बसले.
पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला,
आणि ती निळी वही मांडीवर घेतली.
एकोणऐंशीपासूनच्या प्रत्येक उन्हाळ्याचं डिझेल तिच्यात आहे:
कुठे भरलं, किती, कुठल्या पैशांत –
मार्क, शिलिंग, दिनार, लेव्हा.
एक देश तर आता या वहीतच उरलाय.

डिकीत कॉफी, कपड्यांचा साबण,
नुरिये आत्याच्या गुडघ्यांसाठी मलम
आणि चॉकलेटं, जी बेलग्रेडच्या आधीच वितळतात.
दर वर्षी वितळतात.
दर वर्षी नेतो.

तुर्कस्तानच्या सीमेवर रांग. पाच तास.
लहानपणी इथे मी मागे झोपायचे, भावाच्या अंगावर पाय टाकून,
आणि बाबा स्टिअरिंगला कपाळ टेकून.
पुढची गाडी हलली की मागचे हॉर्न त्यांना उठवत.
आता हॉर्न माझ्यासाठी.
"क्लच हळू सोड," ते म्हणाले.
या गाडीला क्लच नाही, बाबा.
"तरी हळू सोड."

अंकाराच्या अलीकडे आत्याचं घर, चौथा मजला, लिफ्ट बंद.
तिने दार उघडलं आणि मला आईच्या नावाने हाक मारली.
बाबांनी बुटाची नाडी सोडायला बराच वेळ घेतला.
कोणी चूक दुरुस्त केली नाही.
मी ओ दिली,
आणि आईच्या वाटणीचाही भात खाल्ला.

मग योझगात, मग डांबर संपतं,
मग दुर्सुनकाका.

बहात्तर साली दोघे एकाच बसने इस्तंबूलला गेले होते.
जर्मन डॉक्टरने त्यांना उघडं उभं केलं,
तोंड वासायला लावलं,
बाजारात खेचराचं बघतात तसं.
बाबांच्या कागदावर शिक्का बसला.
दुर्सुनच्या एका दाढेला कीड होती.
तो रात्रीच्या बसने परत आला,
शेजारची जागा रिकामी ठेवून.

"उशीर केलास," काका म्हणाले,
जणू बाबा कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला गेले होते.
अक्रोडाखाली दोन खुर्च्या, एक पाय नसलेली.
ती बाबांना दिली, खाली वीट लावून.
हाजेर काकू ताक ठेवून गेल्या.
जर्मनीबद्दल कोणी विचारलं नाही.

काकांनी एक अक्रोड दाढेखाली धरला.
कट्.
दुसरा. कट्.
"ती एकच गेली," म्हणाले,
"बाकी सगळे जागेवर आहेत. मोज हवे तर."
बाबांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला.
त्यात त्यांचे दात. खड्ड्यांच्या रस्त्याने टोचत होते म्हणून
गाडीतच काढून ठेवलेले, वरचे, खालचे, गुलाबी हिरड्यांसकट.
दोघे बघत राहिले.
मग जे हसू फुटलं, त्याने कोंबड्या पळाल्या,
आणि काका डोळे पुसत पुन्हा फोडायला बसले.
एकेक गर बाबांच्या तळहातावर.
बाबा नुसत्या हिरड्यांनी चघळत राहिले,
ऊन भिंतीवरून उतरून जाईपर्यंत.

निघताना काकूंनी गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं:
पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या.
आरशात धूळ, धुळीत एक काळा डाग,
डागाच्या पलीकडे काका, हात न हलवता.

बाबांनी वही उघडली.
डिझेलच्या रकान्यात, तारखेसमोर,
वाकड्या अक्षरात लिहिलं:
दुर्सुन – ३१.

किरिक्काले येईपर्यंत
मला ते लिटर वाटत होते.