शिनोजचा कडुक

फहाहीलच्या खोलीत
एक शेगडी, पाच बरण्या,
झाकणांवर मार्करने नावं.
शिनोजची मोहरी ठसठशीत, काळीभोर.
माझी बारकी,
चिपळूणहून मोज्यात कोंबून आलेली.

तो म्हणायचा, कडुक.
मी म्हणायचो, मोहरी.
रफीकुल तर मोहरीचं तेलच ओतायचा,
त्याच्या लेखी आम्ही दोघेही अडाणी.

पहाटे तीनला डब्याची गडबड.
छतावरच्या धुराच्या भोंग्याला
आंघोळीची प्लास्टिकची टोपी.
पहिला दाणा उडाला
की शिनोज हात वर करायचा,
थांब.
सगळ्या गप्प झाल्या की मगच कढीपत्ता.
मी आपला तिसऱ्या तडतडीलाच कांदा लोटणारा.
रिफायनरीची बस सव्वाचारला,
आणि हा बाबा दाणे मोजत उभा.
कितीदा भांडलो यावरून.

मार्चमध्ये कंपनीने यादी लावली.
त्याच्या बॅगेचं वजन तीस किलो भरलं,
बरणी राहिली.
तिला कुणी हात लावला नाही,
झाकणावरचं नाव तेवढं तेलकट होत गेलं.

काल माझी संपली.
शेगडी सरकवली तर मागे, चिकट धुळीत
दोन्ही जातीचे दाणे,
आमच्याच घाईचे.

मग त्याचं झाकण उघडलं.
चमचाभर टाकली.
पहिला दाणा उडून मनगटाला चटका बसला,
तर हात आपसूक वर.
कांदा पाटावर चिरलेला.
रफीकुल दारात, बूट घालता घालता बघतोय.
खाली बसचा हॉर्न.

एक दाणा अजून उडायचा होता.