एकशे सतरा टोकं

एका लेप्याच्या पोटात एकशे सतरा टोकं.
दिव्याखाली, बशीतल्या पाण्यात,
चिमट्यानं एकेक बाजूला सारत मोजली.
मधे फोन वाजला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
तांदळाच्या कणीएवढी,
पांढुरकी, आतून पोकळ.
शिंपला एकही नाही.
शिंपले सगळे खालीच आहेत,
पेलवर्म बेटापलीकडच्या गाळात, जिवंत.

मोम्मे बादली दारात ठेवतो.
बूट काढत नाही, कधीच नाही.
"काय जेवलाय आमचा गडी?"

मी सांगते:
गाळात वीतभर खाली शिंपला पुरून बसतो
आणि वर पाठवतो एक नळी.
ती तळावरून फिरते
सटरफटर ओढून घेत,
अंधारात उशाशी चष्मा चाचपावा तशी.
शेजारीच हा पडलेला, वाळूच्या रंगाचा,
दोन्ही डोळे एकाच गालावर.
हलत नाही.
नळी वर आली
की टोक तेवढं तोडतो.

"म्हणजे शिंपला मेला."
नाही मरत. नळी आत घेतो,
काही दिवस अर्धपोटी काढतो,
मग टोक पुन्हा फुटतं.
"फुटतं?"
फुटतं.

मोम्मे आपला डावा हात बघतो.
अठ्ठ्याहत्तर साली, कोळंबीच्या जाळ्याचा दोर गुंडाळताना
विंचनं दोन बोटं नेली,
करंगळी आणि तिच्या शेजारची.
"मी बरीच वाट पाहिली," म्हणतो,
आणि स्वतःच हसत राहतो, खोकला येईपर्यंत.

वाळूकिड्यांचं थोडं निराळं.
ओहोटीला मैलभर उघडी पडलेली पुळण
त्यांनी घातलेल्या वाळूच्या कुरडयांनी भरून जाते.
कुरडई घालायला किड्याला शेपूट वर आणावंच लागतं,
आणि तेवढ्यात कुणीतरी एखादं पेर नेतं.
ते पेर परत येत नाही.
उरलेलीच ताणून ताणून
तो लांबी भरून काढतो.
हे मी मोम्मेला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट, अहवालात असते,
बोलण्यात राहून जाते:
नळी आखूड झाली
की शिंपल्याला वर सरकावं लागतं.
वीतभर खोल होता, तो आता चार बोटं.
तिथवर खेकडे पोचतात.
चोचीही पोचतात.
टोकं मला मोजता येतात.
हे वर सरकणं कुठल्या रकान्यात लिहायचं
ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

काइके गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात
बादल्या परत द्यायला त्याच्या घरी गेले.
मागच्या तिन्ही खोल्यांना कुलूप. गॅस महाग.
पलंग स्वयंपाकघरात आणलेला, पार दाराला लागून,
बांधावरचा वारा फटीतून थेट उशाशी.
"इथं बरं पडतं," म्हणाला,
"कोण आलं गेलं कळतं."
पलंगापासून दारापर्यंतचं अंतर
मी नजरेनं मोजलं, सवयीनं.

मग त्यानं तव्यावर लोणी सोडलं, त्यात लेपा.
आम्ही काट्यापर्यंत खाल्ला, फारसं न बोलता.
निघताना त्यानं हातात एक बरणी दिली,
काइकेच्या मुरंब्याची, धुतलेली.
आत लेप्याचं पोट, स्पिरिटमध्ये,
आणि झाकणावर तारीख,
डाव्या हाताच्या तीन बोटांचं अक्षर.

सोमवारी उघडली.
नव्वद.
त्यातली काही फारच आखूड, कोवळी,
चिमट्यात धरवत नव्हती.
बहुधा दुसऱ्यांदा फुटलेली.